दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलून काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. किमान आठ अक्षरं, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि मागचे दहा पासवर्ड पुन्हा चालत नाहीत. वैतागून तुम्ही शेवटचा आकडा वाढवत नेता आणि सगळं एका वहीत लिहून ठेवता. सहकारी म्हणतात वही धोक्याची, आयटीवाले म्हणतात बदलणं गरजेचं, आणि कोणीतरी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य किल्लीमागे जपणारं अ‍ॅप, सुचवलाय, पण सगळं एकाच जागी ठेवायची तुम्हाला धास्ती वाटते.

मी बरीच वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि सुरक्षेचं काम करतो. हा नियम मी राबवलाय आणि पुढे काढूनही टाकलाय. माझं मत आधीच सांगतो: माणसं जे पासवर्ड स्वतः लक्षात ठेवतात त्यांना मुदत घालणारा नियम फायद्यापेक्षा नुकसान जास्त करतो. कारण तो सगळ्यांना एकाच दिशेने ढकलतो, आणि ती दिशा म्हणजे सहज ओळखता येणारा पासवर्ड. तुम्ही आकडा वाढवता यात तुमचा आळस नाही. तुमच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं, आणि ते मोजूनही झालेलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी हा नियम आला कुठून ते पाहू, कारण त्यामागे एकेकाळी खरंच हिशोब होता. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पासवर्डांबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात सूत्र साधं होतं. पासवर्ड किती काळ वापरात राहणार, त्या काळात हल्लेखोर दर मिनिटाला किती अंदाज लावू शकतो, या दोन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला शक्य असलेल्या एकूण पासवर्डांच्या संख्येने भागायचं. आलं उत्तर म्हणजे पासवर्ड ओळखला जाण्याची शक्यता. मुदत कमी केली की ही शक्यता कमी होते, म्हणून पासवर्ड बदला. त्या वेळी हल्लेखोर टेलिफोन लाइनवरच्या मोडेममधून एकेक अंदाज टाइप करणार असं धरलं होतं, मिनिटाला साधारण आठ-नऊ. पासवर्ड यंत्राने तयार केलेला, पूर्ण यदृच्छ (रँडम, कुठलाही ठरीव क्रम नसलेला) असावा अशी त्या मार्गदर्शिकेची शिफारस होती. आणि तरीही कमाल मुदत तिने एक वर्षाची सांगितली होती, ४५ दिवसांची नाही.

म्हणजे सूत्र बरोबर होतं, पण त्याला दोन गृहीतकं जोडलेली होती. अंदाज हळू लागतात, आणि नवा पासवर्ड जुन्याशी अजिबात संबंधित नसतो. आज दोन्ही गृहीतकं उरलेली नाहीत. नियम मात्र एका धोरणातून दुसऱ्या धोरणात उतरत राहिला, दर वेळी मुदत थोडी आणखी कमी होत.

पहिल्या गृहीतकाचं काय झालं ते आकड्यांतच बघा. कीबोर्डवर छापता येणारी चिन्हं ९५. त्यातून पूर्ण यदृच्छ निवडलेल्या आठ अक्षरांचे पासवर्ड होतात सुमारे ६६ लाख अब्ज. ऐकायला प्रचंड. पण एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून पासवर्डांचा साठा चोरीला गेला असेल, आणि तो जुन्या, वेगवान पद्धतीने हॅश करून (म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही, फक्त अंदाज ताडून पाहता येतो अशा खुणेत बदलून) ठेवलेला असेल, तर ग्राफिक्स कार्डं लावलेला संगणक सेकंदाला १०० अब्ज अंदाज आरामात तपासतो. भागाकार करा. सगळे पर्याय संपायला १८-१९ तास लागतात. तोच साठा बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ सारख्या मुद्दाम संथ पद्धतीने ठेवला असेल आणि वेग सेकंदाला एक लाखावर आला, तर त्याच कामाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागतात.

आता ४५ दिवसांची मुदत या दोन आकड्यांमध्ये ठेवून पाहा. पहिल्या परिस्थितीत पासवर्ड दुसऱ्या दिवशीच गेला, त्यामुळे मुदत निरुपयोगी. दुसऱ्या परिस्थितीत यदृच्छ पासवर्ड तुमच्या निवृत्तीनंतरही सुरक्षित, त्यामुळे मुदत अनावश्यक. एखादा पासवर्ड नेमका ४५ व्या दिवसानंतर आणि ९० व्या दिवसाच्या आत फुटेल अशी जागा या गणितात जवळपास नाहीच. आणि लॉगिन पानावर एकेक अंदाज लावणाऱ्याला तर पाच-दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सर्व्हरच थांबवतो, तिथेही मुदतीला काम उरत नाही.

दुसऱ्या गृहीतकाचं, म्हणजे नवा पासवर्ड जुन्याहून वेगळा असतो या समजुतीचं, जे झालं ते जास्त गंभीर आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात (चॅपल हिल) संशोधकांना विद्यापीठाच्या बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड अभ्यासायला मिळाले. त्या खात्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती होती, त्यामुळे एकाच माणसाचे ओळीने अनेक पासवर्ड हाती लागले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७,७०० हून अधिक खाती होती. जुना पासवर्ड माहीत असेल तर त्यावरून पुढचा ओळखता येतो का, एवढंच त्यांनी तपासलं. १७ टक्के खात्यांत पाच अंदाजांच्या आत पुढचा पासवर्ड सापडला. चोरलेला हॅश हाताशी असेल तर ४१ टक्के खात्यांत तो काही सेकंदांत निघाला.

यामागची युक्ती काय होती? माणसं जे बदल करतात तेच बदल प्रोग्रामने करून पाहिले. शेवटचा आकडा एकाने वाढव. आकडा मागून पुढे आण. एस च्या जागी डॉलरचं चिन्ह टाक. उद्गारचिन्ह आणखी एक जोड. 'मोगरा@७' च्या पुढे काय येणार हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि पासवर्ड फोडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या नियमावलीत ते लिहून ठेवलेलं आहे. कुलूप दर महिन्याला बदलायचं आणि नव्या किल्लीला जुन्या किल्लीचाच एक दात वाढवून द्यायचा, असा हा प्रकार होतो.

त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसी यांनी नोकरदार माणसांशी बोलून पासवर्डांबद्दलचा अभ्यास केला होता. त्यांचं निरीक्षण मला कामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं वाटतं. सक्तीने बदलावे लागणारे आणि संख्येने जास्त असलेले पासवर्ड माणसं लिहून ठेवतात, सोपे करतात. आणि ज्या नियमांचं कारण कोणी समजावून सांगत नाही ते नियम पाळण्याची इच्छाच जाते. सुरक्षा विभाग वापरणाऱ्याकडे शत्रू म्हणून बघायला लागला की वापरणारा नियमांना वळसा घालतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकाहून जास्त ठिकाणी.

मुदतीच्या नियमाचा एक खर्च असा आहे जो धोरण लिहिणाऱ्याला दिसत नाही, पण हेल्पडेस्कवर बसणाऱ्याला रोज दिसतो. माणूस सकाळी पासवर्ड बदलतो. त्याच्या फोनमधलं मेल अ‍ॅप जुना पासवर्ड धरून बसलेलं असतं आणि दर काही मिनिटांनी तोच पाठवत राहतं. ऑफिसच्या वाय-फायसाठीही फोन जुनाच पासवर्ड पाठवतो. कुठल्यातरी दुसऱ्या मशीनवर उघडं राहिलेलं सेशन तेच करतं. सर्व्हरला हे सगळे चुकीचे प्रयत्न वाटतात आणि तो खातं लॉक करतो. माणूस फोन करतो, आम्ही उघडून देतो, दहा मिनिटांत पुन्हा लॉक. सुट्टीला जोडून मुदत संपली असेल तर कामावर परतल्याच्या दिवशी अशा फोनची रांग लागते. आणि ज्या हेल्पडेस्कला दिवसभर 'पासवर्ड विसरलो, रीसेट करा' ऐकायची सवय झाली आहे, तिथे एखादा भामटा दुसऱ्याच्या नावाने फोन करून तेच म्हणाला तर तो वेगळा कसा ओळखू येणार? रीसेट ही रोजची, बिनविचाराची गोष्ट होणं हाच एक धोका आहे.

मग पासवर्ड प्रत्यक्षात जातात कसे? माझ्या अनुभवात मुख्यतः तीन वाटांनी. एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरलेला असतो आणि त्यातलं एक ठिकाण फुटतं. किंवा बनावट पानावर माणूस स्वतःच्या हाताने तो टाइप करतो. किंवा संगणकात शिरलेला मालवेअर, म्हणजे चोरटा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेतो. या तिन्हींत पासवर्ड किती जुना होता याला काडीचं महत्त्व नसतं. चोराला तो मिळाल्यावर वापरायला ४५ दिवस लागत नाहीत. कित्येकदा तासभरही लागत नाही, आणि आत शिरल्यावर तो परतीची दुसरी वाट करून ठेवतो, जी पासवर्ड बदलल्याने बंद होत नाही. मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणारा नियम ही त्यातली नेहमीची वाट. खात्यावर संशय आला तर पासवर्ड बदलण्याबरोबर हा नियम तपासा. बहुतेक जण विसरतात.

पहिल्या वाटेचं सार्वजनिक उदाहरण ड्रॉपबॉक्सचं आहे. २०१२ मध्ये इतर वेबसाइट्सवरून चोरीला गेलेले पासवर्ड वापरून तिथल्या काही खात्यांत प्रवेश झाला, त्यात एका कर्मचाऱ्याचंही खातं होतं. चार वर्षांनी उघड झालं की त्या काळातला सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचा तपशील बाहेर गेला होता.

दुसरं उदाहरण २०२१ मधल्या कलोनियल पाइपलाइनचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी ही वाहिनी मे महिन्यात काही दिवस बंद पडली, कारण हल्लेखोर एका व्हीपीएन खात्यातून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेतून) आत आले. ते खातं वापरात नव्हतं, पण चालू होतं. त्याचा पासवर्ड बाहेर फुटलेल्या साठ्यात सापडला, आणि दुसरा कुठलाही पडताळणीचा टप्पा त्याला नव्हता. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी भरली.

इथे मुदतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की पासवर्डची मुदत असती तर ते बेवारस खातं आपोआप बंद पडलं असतं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, त्यात तथ्य आहे. पण त्यावरचा इलाज बेवारस खाती शोधून बंद करणं हा आहे. जो दोन महिने लॉगिन झाला नाही त्याचं खातं थांबवा, माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढा. न वापरलेल्या दहा खात्यांसाठी वापरणाऱ्या हजार माणसांचे पासवर्ड कमकुवत करून घेण्यात शहाणपण नाही.

कॅपिटल-आकडा-चिन्ह या अटीबद्दलही विचारलंय. तिचंही तेच. सक्ती केली की बहुतेकांचं कॅपिटल पहिलं येतं, आकडा शेवटी येतो आणि चिन्ह म्हणजे @ किंवा !. कागदावर शक्यता वाढतात, प्रत्यक्षात त्याच चार साच्यांत सगळे बसतात. माणसांनी निवडलेले पासवर्ड कसे असतात हे १९७९ पासून माहीत आहे. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी तेव्हा ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले, तर ८६ टक्के एक तर फार लहान होते किंवा शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. ३० वर्षांनी, २००९ मध्ये, रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले आणि त्यात पहिला क्रमांक होता १२३४५६ चा.

ही अट आणि मुदत ज्या दस्तऐवजातून जगभरच्या ऑफिसांत पसरली, तो अमेरिकेच्या मानक संस्थेचा, निस्टचा. त्यातलं पासवर्डांबद्दलचं परिशिष्ट लिहिणारे बिल बर निवृत्त झाल्यावर, २०१७ मध्ये, त्यांनी त्यातल्या बऱ्याच सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं वृत्तपत्राला सांगितलं. त्याच वर्षी निस्टने मार्गदर्शिका बदलली: विनाकारण, ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र लावावाच. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत हे सल्ल्यावरून सरळ मनाईवर आलं. कॅपिटल-चिन्हाच्या अटीही नकोत, आणि पासवर्ड एकटाच वापरात असेल तर तो किमान १५ अक्षरांचा हवा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा-सेटिंग्जमधून मुदत काढून टाकली. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रही हाच सल्ला देतं. वरिष्ठांशी बोलताना ही नावं उपयोगी पडतील, म्हणून देतोय.

आता तुम्ही काय करायचं. ज्या दोन-तीन ठिकाणी पासवर्ड डोक्यातच ठेवावा लागतो, म्हणजे संगणकाचं लॉगिन आणि पासवर्ड मॅनेजरची मुख्य किल्ली, तिथे यदृच्छ निवडलेले शब्द वापरा. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये याची फार सुंदर पद्धत दिली. ७,७७६ शब्दांची यादी, आणि प्रत्येक शब्दासाठी एक फासा पाच वेळा टाकायचा. सहाचा पाचवा घात बरोबर ७,७७६ होतो. चार शब्द घेतले तर शक्यता साधारण आठ यदृच्छ अक्षरांच्या निम्म्याहून थोड्या जास्त भरतात. पाचवा शब्द घेतला की मघाच्या सेकंदाला १०० अब्ज वेगाने नऊ वर्षं लागतात. सहाव्याने ७० हजार वर्षं. एकेक शब्द वाढवल्यावर काय होतं बघा. एक उद्गारचिन्ह वाढवून हे कधीच होत नाही.

यात एकच पथ्य आहे आणि ते मोडू नका. शब्द तुम्ही निवडायचे नाहीत, फाशाने किंवा संगणकाने निवडायचे. आपल्याला सुचलेले शब्द एकमेकांचे नातेवाईक असतात: ओवीची ओळ, म्हण, मुलांची नावं. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत अशा ओळी भरपूर आहेत. फाशाने 'परात बेडूक तिकीट जांभळा ओसरी' असं काही आलं तर ते विचित्र आहे म्हणून बदलू नका, विचित्र आहे म्हणूनच ते लक्षात राहतं. मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करणार असाल तर स्पेलिंग एकदा ठरवा आणि तेच ठेवा, नाहीतर जांभळा एका एच ने की दोन ए ने यात सकाळ जाईल.

बाकी सगळ्या ठिकाणी पासवर्ड मॅनेजर. तुमची धास्ती अनाठायी नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या मोठ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (मुख्य किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांची मुख्य किल्ली कमकुवत होती किंवा खातं जुनं असल्याने एन्क्रिप्शनची सेटिंग्ज मागासलेली होती, त्यांना खरा धोका निर्माण झाला. हे माहीत असूनही मी पासवर्ड मॅनेजर वापरायला सांगतो. कारण तुलना कशाशी करायची? एकच पासवर्ड ४० ठिकाणी वापरणाऱ्याचं सगळं एकाच जागी आधीच ठेवलेलं आहे, फक्त त्या ४० पैकी सर्वांत निष्काळजी वेबसाइटच्या हाती. मुख्य किल्ली सहा यदृच्छ शब्दांची असेल तर चोरलेली तिजोरीही चोराच्या कामाची नाही.

मॅनेजरचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. बनावट पानाचा लोगो, रंग, अक्षरं सगळं हुबेहूब असेल, पण पत्त्यात एल च्या जागी एक चा आकडा असेल तर तो पासवर्ड भरायला येतच नाही. दमलेल्या माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. एरवी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला नाही, तर तो शोधून हाताने चिकटवण्याआधी थांबा आणि वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

पासवर्ड आधीच फुटलाय का हे तपासायची सोय बहुतेक मॅनेजरांत असते. 'मग माझा पासवर्ड त्यांना कळणार नाही का?' असा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून आतली रीत सांगतो. २०१३ मध्ये ट्रॉय हंट यांनी सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या सेवेत तुमचा संगणक आधी पासवर्डचा हॅश काढतो, तो असतो ४० अक्षरांचा. त्यातली पहिली पाचच अक्षरं बाहेर पाठवली जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फुटलेल्या पासवर्डांच्या हॅशची उरलेली अक्षरं उलट येतात, आणि पूर्ण जुळणी तुमच्याच मशीनवर होते. पाच अक्षरांचे दहा लाखांहून जास्त गट पडतात. त्यातला कुठला गट मागवला एवढंच समोरच्याला कळतं.

वहीबद्दल. वहीतला पासवर्ड इंटरनेटवरून कोणी वाचू शकत नाही, आणि तुमच्या खात्यावरचे बहुतेक हल्ले तिकडूनच येतात. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या नावाजलेल्या तज्ज्ञाने २००५ मध्येच लिहिलं होतं की चांगला पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात जपा. म्हणून वही घरी, कुलुपात असेल तर मला ती सोप्या पासवर्डांपेक्षा पुष्कळ बरी वाटते. ऑफिसच्या टेबलावर किंवा ड्रॉवरमध्ये असेल तर नको, तिथे वावरणारे लोक तुमच्या हातात नसतात. आणि घरातलीच कोणी व्यक्ती तुमच्यावर नजर ठेवते असं वाटत असेल, तर मात्र वही अजिबात नको. हा प्रश्न विचारताना लोक संकोचतात, पण तो खरा असतो.

यापुढचं सगळ्यांत उपयोगी पाऊल म्हणजे दुसरा टप्पा, पासवर्डनंतर होणारी आणखी एक पडताळणी. एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा चांगला, पण सिमची नक्कल काढून तो वळवता येतो. कोड दाखवणारं अ‍ॅप त्याहून चांगलं: त्यात एक गुप्त संख्या आणि चालू वेळ यांच्या मिश्रणातून दर ३० सेकंदांनी सहा आकडे निघतात, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. पण हे आकडेही बनावट पानावर टाइप करता येतात, आणि पलीकडचा माणूस ते त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, फोन किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली) किंवा संगणकाला जोडायची छोटी हार्डवेअर की हे मुळातूनच थांबवते. त्यात गुपित वेबसाइटला कधी पाठवलंच जात नाही, त्यातून तयार झालेली डिजिटल सही तेवढी जाते, आणि ती खऱ्या पत्त्यालाच लागू होते. ज्या मानकावर हे चालतं ते वेबऑथन २०१९ मध्ये अधिकृत झालं आणि आता मोठ्या सेवांत सर्रास मिळतं. जिथे पासकीचा पर्याय दिसेल तिथे घ्या. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर 'मंजूर करा' असं आलं तर नाकारा, दहा वेळा आलं तरी नाकारा, आणि लगेच आयटीला कळवा. लागोपाठ विनंत्या पाठवून माणसाला थकवणं ही आता नेहमीची चाल झाली आहे.

वरिष्ठांपुढे विषय काढायचा असेल तर क्रम सांभाळा. 'मुदत काढा' एवढंच म्हणालात तर उत्तर नकारार्थी येईल, आणि ते योग्यच असेल. आधी दुसरा टप्पा सगळ्यांना लागू होऊ द्या. मग किमान लांबी वाढवा, फुटलेल्या पासवर्डांची यादी लावून ते नाकारायला सुरुवात करा, बेवारस खाती बंद करण्याची शिस्त बसवा. मुदत त्यानंतर काढा. ऑडिटर अडवतात अशी सबब बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. कार्डपेमेंटसाठीच्या पीसीआय मानकाची २०२२ पासूनची चौथी आवृत्ती काढून दाखवा: ९० दिवसांची अट तिथे पासवर्ड हा एकमेव घटक असेल तेव्हाच लागते, आणि तेव्हाही खात्याची जोखीम सतत तपासण्याचा पर्याय दिलेला आहे. मात्र सर्व्हर एकमेकांशी बोलायला जे पासवर्ड आणि कीज वापरतात, किंवा अनेक अ‍ॅडमिन मिळून वापरतात ती खाती, यांना हा युक्तिवाद लावू नका. ते यंत्राने आपोआप बदलत राहिलेच पाहिजेत. यंत्राला आकडा वाढवायचा मोह होत नाही. आणि सामायिक खात्यातला एक माणूस गेला की पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा, तिथे मुदतीची वाट पाहायची नाही.

नियम बदलेपर्यंत तुम्हाला तो पाळावाच लागेल. तेव्हा दर वेळी आकडा वाढवू नका, फाशाने नवे शब्द काढा. कॅपिटल, आकडा आणि चिन्ह यांची अट भागवायला शेवटी एकच ठरावीक तुकडा जोडला तरी चालेल, ताकद शब्दांत आहे. बदल आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी करा, म्हणजे दिवसभर टाइप करून तो हातात बसतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कधीही करू नका. बदलण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, संगणकावर बदल करा, मग फोन सुरू करून मेल आणि वाय-फायमध्ये नवा पासवर्ड आधी भरा. खातं लॉक होण्याचे बरेचसे प्रसंग यानेच टळतात.

आणि स्वतःच्या खात्यांची सुरुवात करणार असाल तर पहिलं ईमेल. बाकी सगळ्या सेवांच्या 'पासवर्ड विसरलात?' च्या लिंका तिथेच येतात, त्यामुळे ज्याच्या हाती मेल त्याच्या हाती सगळं. मेलला आजच वेगळा, लांब पासवर्ड आणि पासकी लावा, फॉरवर्डिंगचे नियम आणि जोडलेली जुनी उपकरणं एकदा तपासा, रिकव्हरी कोड (फोन हरवला तर खातं उघडायला मिळालेले आकडे) छापून घरच्या त्याच वहीत चिकटवा. नंतर बँक, मग ज्या मोबाइल कंपनीकडे तुमचा नंबर आहे तिथलं खातं. उरलेली चाळीसेक खाती एका दमात बदलायला जाऊ नका. पुढच्या वेळी जिथे जिथे लॉगिन कराल तिथलं त्याच वेळी बदला.